चमचा खाली ठेवा, आधी बाटली वाचा

रात्री दोन वाजता पोर तापानं फणफणलंय. तुम्ही कपाट उघडता, हाताला लागेल ती तापाची बाटली काढता, ओट्यावरचा चमचा घेता. थांबा. एक मिनिट थांबा. बाटली दिव्याखाली धरा आणि बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा.

पॅरासिटामॉल आपल्याकडे घरोघरी असतं, आणि बहुतेक घरांत ते एकाहून जास्त बाटल्यांत असतं. तान्ह्या बाळासाठी आणलेले ड्रॉप्स असतात. त्यांच्या एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असतं. थोरल्यासाठी आणलेलं सिरप असतं. त्याच्या ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असतं. शाळकरी मुलांचं जरा कडक सिरप मिळतं, त्याच्या ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम. तिन्ही बाटल्यांवर औषधाचं नाव एकच, आतलं गोड पातळ औषधही सारखंच दिसणारं. पण थेंबाथेंबाचा हिशेब केला तर ड्रॉप्स साध्या सिरपच्या चौपट तीव्र.

दहा किलोच्या मुलाला एका वेळी साधारण १०० ते १५० मिलिग्रॅम लागतं. साध्या सिरपचं ५ मिलिलिटरचं एक माप बरोबर बसतं. पण सिरप समजून ड्रॉप्सच तेवढे पाजले, तर एका घोटात ५०० मिलिग्रॅम पोटात जातं. दिवसातून चार वेळा असं झालं की दोन ग्रॅम. धडधाकट मोठ्या माणसाला दिवसभरात जास्तीत जास्त जेवढं चालतं, त्याच्या निम्मं. दहा किलोच्या जिवाला. आणि हे करणारे हात आईचे, आजीचे, बाबांचे असतात. पोराला बरं वाटावं म्हणून जागणारे.

म्हणून सांगतो, मुलाचं वजन ठाऊक ठेवा. लहान मुलांचं औषध वयावर कमी आणि वजनावर जास्त ठरतं. दोन वर्षांचं एक मूल नऊ किलोचं असतं, शेजारचं चौदाचं. अंगणवाडीत वजन होतं, लसीकरणाच्या दिवशी होतं, ते आकडे कार्डावर असतात. त्यातला ताजा आकडा आठवणीत असू द्या. डॉक्टरांनी फोनवरून ‘पाच एमएल द्या’ सांगितलं, तर लगेच विचारा, ‘कोणत्या बाटलीतलं?’ बाटलीवरचा आकडा त्यांना वाचून दाखवा. तुमचा प्रश्न त्यांना आवडेल. नाही आवडला तरी विचारा.

आणि तो चमचा खाली ठेवा. घरातल्या कुठल्याच दोन चमच्यांत सारखं औषध मावत नाही. चहाचा वेगळा, पोह्यांचा वेगळा, आजीचा पितळी आणखी वेगळा. बाटलीसोबत आलेली मापाची टोपी, ड्रॉपर किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा. एका बाटलीचा ड्रॉपर दुसऱ्या बाटलीला लावू नका. माप हरवलं असेल तर दुकानातून ५ मिलिलिटरची सिरिंज मागा. काही रुपयांत मिळते. पाजलं की वेळ कागदावर लिहा आणि तो कागद फ्रिजवर चिकटवा. रात्री तुम्ही पाजता, पहाटे आजी पाजते, दोघींना एकमेकींचं ठाऊक नसतं. दोन डोसांत निदान चार ते सहा तास जाऊ द्या. चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा द्यायचं झालं तर आधी डॉक्टरांना विचारा. तीन महिन्यांच्या आतलं बाळ तापलं तर घरच्या बाटलीला हातच लावू नका, थेट दवाखाना गाठा.

सुट्टीत अमेरिकेहून पुण्या-मुंबईला येणाऱ्या लेकीसुनांनो, तुम्हालाही हेच सांगणं आहे. तिथल्या तान्ह्या बाळांच्या टायलेनॉलमध्ये दर ५ मिलिलिटरला १६० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. त्या सवयीनं इथले ड्रॉप्स ५ मिलिलिटर पाजलेत, तर तिप्पट जातील. आणि तिकडून आईवडिलांसाठी आणलेल्या डब्यावर ‘ॲसिटॅमिनोफेन’ छापलेलं असतं. ते पॅरासिटामॉलच आहे. बाबांना तसं सांगून ठेवा. नाहीतर ते सकाळी अमेरिकेची गोळी घेतील आणि दुपारी इथली.

सर्दीच्या औषधांबद्दलही थोडं बोलायला हवं. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन या जोडीची सर्दीची औषधं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, असं केंद्राच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये कळवलं. निमेसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायला आपल्या देशात २०११ पासून बंदी आहे. २०२५ मध्ये छिंदवाड्याची मुलं खोकल्याच्या सिरपनं कशी दगावली ते आपण पाहिलं. त्यातल्या कित्येकांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. तिथे दोष खोकल्याच्या भेसळयुक्त सिरपचा होता, आईबापांचा नव्हता. भेसळ घरच्या दिव्याखाली दिसत नाही, ती पकडणं सरकारचं काम आहे आणि ते आपण मागत राहिलं पाहिजे. पण त्याच वेळी केंद्राच्या आरोग्य खात्यानं जे सांगितलं ते तुमच्या हातात आहे. दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची सिरपं द्यायची नाहीत, पाच वर्षांखाली शक्यतो टाळायची. साधी सर्दी बहुतेक मुलांची आपोआप जाते. नाक मीठपाण्याच्या थेंबांनी मोकळं करा, अंगावर दूध पाजत राहा, श्वासाकडे लक्ष ठेवा. श्वास जोरात चालला, छाती आत ओढली गेली, मूल पिईनासं झालं, तर बाटली शोधू नका. निघा.

आता मोठ्यांचं बघू.

अंग मोडून आलंय, म्हणून डोलो ६५० दिवसातून चार वेळा. नाक गळतंय, म्हणून सर्दीची गोळी तीन वेळा. कंबर धरलीय, म्हणून शेजाऱ्यांनी सुचवलेली दुखण्याची गोळी सकाळ-संध्याकाळ. तुमच्या मते तीन दुखण्यांवर तीन औषधं झाली. आता पाकिटं उलटी करून वाचा. पहिल्यात पॅरासिटामॉल ६५०. सर्दीच्या गोळीत बहुतेक वेळा पॅरासिटामॉल ५००. कंबरेच्या गोळीत दुसऱ्या वेदनाशामकासोबत पॅरासिटामॉल ३२५. बेरीज ४,७५० मिलिग्रॅम. धडधाकट मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४,००० आहे. माणूस किरकोळ असेल, रोज दारू घेणारा असेल किंवा त्याचं यकृत आधीच दुखावलेलं असेल, तर डॉक्टर ती आणखी खाली आणतात.

हे औषध यकृतात मोडतं. बराचसा भाग निरुपद्रवी होऊन लघवीवाटे जातो. थोड्याशा भागाचं मात्र विषारी द्रव्य बनतं. त्याला निकामी करणारा साठा यकृताजवळ असतो, पण तो अमर्याद नसतो. चार दिवस धड जेवण नाही, वर दारू, अशा माणसात तो साठा आधीच उणा झालेला असतो. साठा संपला की ते द्रव्य यकृताच्या पेशींवरच उलटतं.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट अशी की पहिला दिवस शांत जातो. थोडी मळमळ, एखादी उलटी, किंवा तेवढंही नाही. माणूस म्हणतो, ‘काही झालं नाही बघ.’ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उजव्या बरगडीखाली दुखू लागतं आणि मग डोळे पिवळे होतात. यावर उतारा आहे. एन-ॲसिटिलसिस्टीन त्याचं नाव. जास्त मात्रा पोटात गेल्यापासून आठ तासांच्या आत मिळाला तर यकृत जवळजवळ नेहमी वाचतं. उशिरा मिळाला तरी उपयोग होतो, पण कमी. म्हणून जास्त गोळ्या गेल्या असं कळलं, तर माणूस ठणठणीत दिसतोय म्हणून घरी बसू नका. तेच आठ तास तुमच्या हातातले असतात.

पावसाळ्यात आणखी सांभाळा. गल्लीत डेंग्यू असेल, तर तापाला ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांपैकी काहीही देऊ नका. रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉलच द्या, पण मापात. डेंग्यूत यकृताला आधीच सूज असू शकते. ताप दोन तासांत उतरला नाही म्हणून आणखी एक गोळी, हे करू नका. औषध तापाचा पारा एक-दोन अंशांनी उतरवतं. आजार त्याच्या गतीनं जातो.

हे वाचून झालं की आजच, रविवारची वाट न पाहता, घरातली सगळी औषधं जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर काढा. कपाटातली, फ्रिजमधली, पर्समधली, देव्हाऱ्याशेजारच्या डब्यातली. कोणत्या पाकिटात कोणतं मूळ औषध आहे ते वाचा. अक्षर बारीक असेल तर मोबाइलनं फोटो काढून मोठं करा. घरात नववी-दहावीतलं पोर असेल तर हे काम त्याला द्या, ते तुमच्यापेक्षा लवकर करेल. तेच औषध दोन पाकिटांत सापडलं की एक बाजूला काढा. मुदत संपलेली काढा. नाव नसलेल्या, कात्रीनं कापलेल्या सुट्या गोळ्या काढा. कागदाच्या पुडीतली ‘त्या डॉक्टरांची गुणकारी’ भुकटी तर पहिल्यांदा काढा. पुडीत काय आहे हे आणीबाणीत कुणालाच सांगता येणार नाही.

वर्तमानपत्रावर सगळ्यात मोठा ढीग बहुधा आजी-आजोबांचा निघेल. तिथे जरा थांबा.

शरीरात औषध कसं साठतं ते समजायला अंगणातला हौद डोळ्यांसमोर आणा. वरून नळ चालू, खालून मोरी उघडी. नळ म्हणजे रोजची गोळी. मोरी म्हणजे यकृत आणि किडनी. दोन्हींचा मेळ बसला की पाणी एका पातळीला थांबतं. डॉक्टरांना तीच पातळी हवी असते. ती यायला वेळ लागतो, काही औषधांत एक दिवस तर काही औषधांत महिना-दीड महिना. थायरॉइडची गोळी निम्मी उतरायलाच सुमारे आठवडा घेते, म्हणून डोस बदलल्यावर सहा-आठ आठवडे थांबून रक्त तपासतात. ‘आठ दिवस झाले, फरक नाही’ म्हणत मनानं दोन गोळ्या सुरू करू नका.

आणि वय वाढलं की मोरी तुंबते. सत्तरीतल्या आजींची किडनी पूर्वीच्या वेगानं काम करत नाही. तीच गोळी, तोच डोस, वर्षानुवर्षं घेतलेला, आणि तरी पातळी वर चढत जाते. हृदयासाठीचं डिगॉक्सिन घ्या. किडनी चांगली असेल तर ते दीड-दोन दिवसांत निम्मं उतरतं. किडनी थकली की त्याला चार-पाच दिवसही लागू शकतात. मग आजींचं जेवण तुटतं, मळमळ होते, सगळं पिवळसर दिसू लागतं, नाडी मंदावते. घरचे म्हणतात, वय झालं. तसं म्हणून सोडून देऊ नका. औषध सुरू असलेल्या म्हाताऱ्या माणसात नवं काही दिसलं, चक्कर, तोल जाणं, गोंधळ, झोप, तर पहिला प्रश्न विचारा, ‘हे गोळीमुळे तर नाही?’

गुडघेदुखीच्या गोळ्या या मोरीला आणखी आवळतात. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक अशी वेदनाशामकं किडनीकडचा रक्तपुरवठा कमी करतात. त्यात बीपीची गोळी, त्यात लघवीची गोळी, त्यात विदर्भ-मराठवाड्यातला मे महिना आणि दोन जुलाब. किडनी चार दिवसांत बसू शकते. वारीला निघालेल्या, लग्नघरात राबणाऱ्या, शेतावर जाणाऱ्या तुमच्या माणसांना एवढं सांगा की दुखण्याची गोळी दुकानातून परस्पर आणू नका. आणि जुलाब-उलट्या लागल्या, तर बीपीची, लघवीची आणि मधुमेहाची औषधं तशीच चालू ठेवायची की थांबवायची, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.

नवरात्र, श्रावण, एकादशी यांचंही सांगायला हवं. मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी साखर खाली खेचते, मग तुम्ही जेवलेले असा वा नसा. उपवास धरला आणि गोळी तेवढीच घेतली, की दरदरून घाम, थरथर, बडबड, शेवटी बेशुद्धी. उपवास करू नका असं मी म्हणणार नाही, तो तुमचा आणि तुमच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. पण उपवासाआधी डोस विचारून घ्या. साखर उतरलीच आणि माणूस शुद्धीत असेल तर लगेच साखरेचं पाणी पाजा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका आणि गाडी बोलवा.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी सिरिंजच्या टोपणाचा रंग पाहावा. आपल्याकडच्या साध्या बाटलीत एका मिलिलिटरला ४० युनिट असतात, त्यासाठी लाल टोपणाची सिरिंज. पेनमधल्या काडतुसात मात्र १०० असतात, आणि १०० च्या सिरिंजचं टोपण केशरी असतं. पेन बिघडलं म्हणून कुणी लाल टोपणाच्या सिरिंजनं काडतुसातलं इन्सुलिन ओढलं, तर २० च्या खुणेवर ५० युनिट जातात. अडीचपट. पेन बिघडलं तर नवीन मिळेपर्यंत काय करायचं ते डॉक्टरांना फोन करून विचारा. काडतुसात सुई खुपसू नका.

एका औषधाबद्दल मात्र हात जोडून सांगतो. मेथोट्रेक्सेट. संधिवातासाठी, सोरायसिससाठी ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर रक्त तयार करणारी मज्जा दबते, तोंड सोलवटतं, ताप येतो, जीव जातो. आणि चूक किती सोपी आहे बघा. सोबत फॉलिक ॲसिडची गोळी दिलेली असते, तीही लहान, पिवळसर. बाकी सगळ्या गोळ्या रोजच्या, मग हीही रोजची असेल असं वाटतं. तुमच्या घरात ही गोळी असेल तर आत्ता उठा. पाकिटावर मार्करनं वार लिहा: ‘फक्त रविवारी’, किंवा डॉक्टरांनी सांगितला असेल तो वार. बाकीच्या गोळ्यांपासून ती वेगळ्या डब्यात ठेवा. गावाला एकट्या राहणाऱ्या मावशीला फोन करा आणि विचारा, ‘ती गोळी तू कधी घेतेस?’ तिच्या तोंडून ऐका. ‘सांगितलंय तशी घेते’ या उत्तरावर फोन ठेवू नका.

जास्त घेण्याइतकंच एकदम बंद करणंही घातक असतं. महिनोन्‌महिने स्टिरॉइड घेतलेल्या माणसाचं शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवणं थांबवतं. गोळी अचानक तोडली तर तो कोसळू शकतो. फिटच्या गोळ्यांचंही तसंच. आणि त्यातल्या फेनिटॉइनचा तर हिशेबच निराळा. डोस थोडा वाढवला की रक्तातली पातळी कधीकधी थोडी न वाढता एकदम उसळते, माणूस झोकांड्या खाऊ लागतो. अर्धी वाढवणं, अर्धी कमी करणं, दोन्ही डॉक्टरांवर सोडा. नावापुढे एसआर, एक्सआर, सीआर अशी अक्षरं असलेल्या गोळ्या कुटून देऊ नका. बारा किंवा चोवीस तासांत हळूहळू सुटायचं औषध एका दमात बाहेर पडतं. आजोबांना गिळवत नसेल तर दुसरं पातळ औषध मागा. बहुतेक वेळा मिळतं.

औषधाच्या दुकानात गर्दी असते, मागचा माणूस घाई करतो, आपण ‘हो हो, कळलं’ म्हणून निघतो. निघू नका. विचारा. कशासाठी आहे? किती? दिवसातून किती वेळा? जेवणाआधी की नंतर? किती दिवस? आधीच्या कोणत्या गोळीसोबत चालणार नाही? दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट असणं हा कायदा आहे आणि हे सांगणं हे त्यांचं काम आहे. पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही असा तिचा अर्थ. चिठ्ठीतल्या गोळीच्या जागी दुसऱ्या कंपनीची गोळी मिळाली तर मिलिग्रॅम तेच आहेत ना, बघा. कापलेली पट्टी घेताना नाव, मिलिग्रॅम आणि मुदत असलेला तुकडा मागून घ्या. लाजू नका. तुमच्या मागे उभ्या असलेल्या माणसालाही तेच विचारायचं असतं.

औषधानं अपाय झाला असं वाटलं, पुरळ, सूज, काहीही, तर डॉक्टरांना सांगा आणि १८०० १८० ३०२४ या क्रमांकावर कळवा. देशभरातल्या दुष्परिणामांची नोंद तिथे होते. पुढच्या कुणाला तरी त्याचा उपयोग होईल.

आणि हे वाचता वाचता कुणाला वाटलं, अरे, काल रात्री आपण बाळाला ड्रॉप्सच पाजले, मोजून पाच एमएल; किंवा सासूबाईंनी ती आठवड्याची गोळी सोमवारपासून रोज घेतलीय; किंवा पोरानं आजोबांच्या डब्यातल्या गोळ्या गोड समजून खाल्ल्यात; किंवा घरातल्या कुणी रागाच्या, दुःखाच्या भरात पट्टीच रिकामी केलीय. दोष देत बसू नका. रडायलाही नंतर वेळ आहे. उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विषमाहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा निःशुल्क क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. माणूस शुद्धीवर नसेल, झोपेत बुडत असेल, श्वास नीट नसेल, तर आधी १०८ फिरवा. किती घेतलं, कधी घेतलं, वजन किती, एवढं सांगा. नक्की आठवत नसेल तर जास्तीत जास्त जेवढं असू शकेल तेवढं सांगा. सगळी पाकिटं, बाटल्या, रिकाम्यासुद्धा, एका पिशवीत भरा. ती पिशवी घ्या आणि निघा.